डावीकडचा डॉल्फिन

सरांना डावीकडचं दिसत नाही हे मला कळलं तो बुधवार होता. त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारपर्यंत, म्हणजे नऊ दिवस, मी तोंड शिवून बसले. त्या नऊ दिवसांत काकूंना मागे बसवून सरांनी किती वेळा स्कूटर बाहेर काढली ते मी मोजलेलं नाही. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, जिना चढताना पायऱ्या मोजायची सवय अजून आहे, पण ही बेरीज काही करवत नाही.

सर म्हणजे माझे चित्रकलेचे सर. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे, मी साठीची. निवृत्त झाल्यावर घरात बसून भिंतींशी भांडायची वेळ आली, तेव्हा मी त्यांच्याकडे तैलरंग शिकायला जाऊ लागले. मंगळवार पेठेत त्यांचं साधं दोन मजली घर आणि गच्चीवर पत्र्याची खोली. त्या खोलीत जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन इतकं मुरलेलं, की घरी आल्यावर माझ्या भाकरीलाही तो वास यायचा. सरांकडे आम्ही बाराजण शिकत होतो, ज्याला जमेल त्यानं त्या वेळी यायचं. माझी वेळ दुपारी तीन ते पाच, आणि तेव्हा बहुधा मी एकटीच असायची. साडेचारला सरांच्या पत्नी चहा आणि बशीभर काहीतरी घेऊन वर यायच्या. त्यांना आम्ही सगळेच काकू म्हणायचो. माझ्या नाकावर कायम राग, आणि काकूंच्या नाकावर मी कधी राग बघितला नाही, म्हणून असेल, पण त्यांना माझा लळा होता आणि मला त्यांचा.

डॉल्फिनचं खूळ मी तारकर्लीहून आणलं. शाळेतल्या जुन्या बायकांबरोबर सहलीला गेले होते. बोटवाल्यानं तासभर फिरवलं आणि डॉल्फिन म्हणून आम्हाला दिसली ती एक काळी पाठ, तीही डोळ्याचं पातं लवेपर्यंत. बाकीच्या 'दिसला, दिसला' करून नाचल्या. मला संताप आला. एवढा घाट उतरून यायचं आणि नुसती पाठ बघून जायचं? मी तिथल्या तिथं ठरवलं की उडी मारणारे डॉल्फिन मीच काढीन, तीन फूट बाय चार फूट. श्रावणात सरांच्या विद्यार्थ्यांचं प्रदर्शन भरायचं. त्यात दारासमोरच्या भिंतीवर एकच चित्र लागतं आणि कुठलं लावायचं ते सर ठरवतात. ती भिंत मला हवी होती. साठाव्या वर्षी इतकं हवंसं वाटणं बरं दिसत नाही, पण हवी होती.

पहिल्यांदा मी तीन डॉल्फिन काढले. तिन्ही सारखे, सारख्या अंतरावर, सारखी कमान करून उडणारे. मोजपट्टी लावून काढलेले. सर मागे येऊन उभे राहिले.

"काय बाई, परेड चाललीया काय?" ते म्हणाले. "पंधरा ऑगस्टला अजून येळ हाय की."

मी चिडून सगळं पुसलं. दुसऱ्या खेपेला सरांनी कोळशानं कागदावर तीन रेघा मारून दाखवल्या. "जनावर उडी मारतंय तर त्याला जागा सोड की. ते कुठनं आलं आणि कुठं चाललंय ते बघणाऱ्याला कळाय नको?" मग मी उजवीकडे एक मोठा डॉल्फिन घेतला, पाण्यातून नुकता वर येणारा, पावणेदोन फूट लांबीचा. मधला त्याहून लहान, हवेत. आणि डावीकडचा पाण्यात शिरलेला, त्याची फक्त शेपूट वर आणि भोवती फेस. क्षितिजाची रेघ मध्यावर होती ती वर सरकवली. पाण्याचा निळा आधी फार गोड झाला होता, त्यात तपकिरी मिसळून तो खाली बसवला. आठवड्यामागून आठवडे मी सुरीनं रंग खरवडत होते, चिंधीनं पुसत होते, पुन्हा चढवत होते. चित्र दर खेपेला जास्त बरोबर व्हायचं आणि तरी मेलेलंच राहायचं. गणिताच्या बाईनं काढलेलं चित्र. हे मला कुणी सांगायला नको होतं.

सरांच्या खोलीतल्या दोन रीती इथं सांगायला हव्यात. एक आरशाची. काकूंच्या जुन्या टेबलाचा निघालेला आरसा तिथं होता. चित्राकडे पाठ करून उभं राहायचं आणि खांद्यावरून आरशात चित्र बघायचं. उजवं डावीकडे जातं, डावं उजवीकडे, आणि रोज बघून डोळ्याला सवय झालेलं आपलंच चित्र परक्याचं वाटायला लागतं. मग चूक लपत नाही. दुसरी रीत सरांच्या गुरूंकडून आलेली. सर कधीकधी विद्यार्थ्याचा ब्रश घेऊन त्याच्या चित्रावरच चार फटकारे मारायचे. 'हात लागला' असं आम्ही म्हणायचो. सरांचा हात लागलेला रंग पुसायचा नाही, खरवडायचा नाही. आपलं चित्र त्याच्याभोवती बसवून घ्यायचं.

आषाढात काही गोष्टी घडायला लागल्या होत्या, पण मी माझ्या शेपटीत गुंतले होते. सरांच्या हाताशी डावीकडे असलेली टर्पेंटाइनची वाटी दोनदा सांडली. दारातून आत येताना त्यांचा डावा खांदा चौकटीवर आपटला, आणि त्यांनी चौकटीलाच शिवी दिली. काकू पोह्यांची बशी आणायच्या, सर निम्मे पोहे खाऊन बशी खाली ठेवायचे, आणि काकू काही न बोलता ती बशी अर्धी फिरवून पुन्हा त्यांच्या हातात द्यायच्या. सर उरलेले पोहे खायचे. म्हातारपण, मी मनात म्हटलं, आणि पुन्हा फेस रंगवायला घेतला.

त्या बुधवारी पाऊस पत्र्यावर असा कोसळत होता की मोठ्यानं बोलावं लागत होतं. सर चित्रासमोर उभे राहिले.

"डावीकडं मोकळं पडलंय बाई. त्या अंगाला कायच न्हाय."

"शेपूट आहे की सर."

"कुठं?"

मी बोट दाखवलं. त्यांनी सगळी मान डावीकडे वळवली, तेव्हा कुठं त्यांना ती दिसली. "हां. हाय की. पण हलकी पडली." मग त्यांनी आरसा उचलला, चित्राकडे पाठ केली आणि खांद्यावरून बघायला लागले. मी त्यांच्या शेजारीच होते, त्याच आरशात बघत.

"बघ," ते म्हणाले, "डावीकडं मोकळंच हाय."

आरशात डावीकडे माझा मोठा डॉल्फिन होता. पावणेदोन फूट लांबीचा, पाणी फोडून वर येणारा, चित्रातली सगळ्यात जड वस्तू. तिथं सरांना मोकळी जागा दिसत होती. चित्र उलटं केलं तरी त्यांची रिकामी बाजू तीच राहिली होती. म्हणजे ती चित्रात नव्हतीच.

मी खात्री करून घेतली. सर आरशातून नजर काढून समोर खिडकीकडे बघत होते, तेव्हा मी पिवळी चिंधी त्यांच्या डाव्या बाजूला धरून हलवली. काही नाही. चेहऱ्यापासून हातभर अंतरावर आणली, तरी काही नाही. मग उजवीकडून हलवली. "काय करालीस गं? माश्या मारालीस काय?" ते लगेच म्हणाले. मी हसले. चिंधी पाठीमागे लपवली.

तेवढ्यात खालून काकूंनी हाक मारली. पाऊस उघडला होता आणि त्यांना भाजी आणायची होती. सर खाली गेले. मी गच्चीच्या कठड्याशी जाऊन वाकून बघितलं. सरांनी स्कूटर काढली, जुनी गिअरची स्कूटर. तिचा डावा इंडिकेटर फुटलेला होता, डाव्या पत्र्यावर लांबलचक ओरखडा होता, आणि ते मी इतके दिवस बघून न बघितल्यासारखं केलं होतं. काकू साडी सावरून मागे बसल्या, बायका बसतात तशा, दोन्ही पाय डावीकडे सोडून, मांडीवर पिशवी घेऊन. सरांना जी बाजू दिसत नव्हती त्याच बाजूला काकूंचे पाय लोंबत होते. मी वरून ओरडले सुद्धा. स्कूटर तोवर कोपऱ्यावरून वळली होती.

उद्या सांगायचं, असं ठरवून मी घरी गेले. रात्रभर वाक्यं जुळवली. सरांना सांगावं की काकूंना, की साताऱ्याला असलेल्या त्यांच्या मुलीला फोन करावा? ज्याचं सगळं आयुष्य बघण्यावर गेलं त्याला 'तुम्हाला दिसत नाही' कसं सांगायचं? पण सांगायचं, हे नक्की होतं. गुरुवारी मी वर पोचले आणि चित्रासमोर थांबले.

माझ्या आधीच सरांचा हात लागून गेला होता. डावीकडे 'मोकळ्या' जागेत त्यांनी एक नवा डॉल्फिन काढला होता, माझ्या शेपटीच्या वरूनच. जाड रंगात, एका दमात. पाठीवरचा ओला उजेड असा की हात लावला तर बोटं भिजतील असं वाटावं. पोटाकडचा करडा पाण्यात विरत गेलेला. मी पस्तीस वर्षं शिकत राहिले असते तरी मला ते जमलं नसतं. फक्त त्याला तोंड नव्हतं. पाठ उजवीकडून सुरू व्हायची, मधे भरीव व्हायची आणि जिथं मान, डोळा, तोंड यायला हवं तिथं एकाएकी संपायची. खाली माझी जुनी शेपूट अर्धी उघडी राहिलेली.

"आता बघ," सर मागून म्हणाले. खूश होते. "आता वजन आलं का न्हाय?"

मी सवयीनं आरसा घेतला आणि चित्राकडे पाठ केली. त्यानंतर मी जे केलं त्याची मला लाज वाटते, म्हणून ते सरळ सांगते. आरशात मला दिसलं की चित्र जिवंत झालंय. माझे दोन नीटनेटके डॉल्फिन, आणि त्यांच्यापुढे हे पाण्यात नाहीसं होत गेलेलं अंग. नजर मोठ्या डॉल्फिनपासून उडी घेऊन या नव्या अंगाकडे यायची आणि तिथं हरवायची. तोंड रंगवायची गरज नव्हती. तिथं फेस आणि अंधारं पाणी चढवलं की झालं. माझ्या मोजपट्टीला जे साधलं नव्हतं ते सरांच्या आजारानं एका दुपारी करून दिलं होतं.

"आलं सर," मी म्हणाले. "वजन आलं."

"मग ह्योच दारासमोर लावू," सर म्हणाले. "पण अजून दोन-चार हात मारायला लागतील."

त्या क्षणी मी हिशेब केला. आज सांगितलं तर उद्या दवाखाना. सर पुन्हा ब्रश धरतील की नाही देव जाणे. प्रदर्शन आठ दिवसांवर. बाराजणांची वर्षभराची मेहनत पाण्यात जाईल, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर बाकीच्या अकराजणांचं मला काही पडलं नव्हतं. मला ते दोन-चार हात हवे होते.

दुसऱ्या दिवशी श्रावणातला शुक्रवार. दर शुक्रवारी संध्याकाळी सर काकूंना आंबाबाईला घेऊन जायचे, बाहेर स्कूटरवर थांबायचे आणि परत आणायचे. मी चारलाच खाली जाऊन काकूंना म्हणाले, "आज माझ्याबरोबर चला की रिक्षानं. मलाही जायचंय."

"त्यास्नी वाईट वाटंल गं. एवढं एकच काम हाय त्यास्नी माझं."

मी हट्टच धरला. गेलो आम्ही. रांगेत तासभर उभ्या होतो, पुढे-मागे बायकाच बायका, ओल्या साड्यांचा आणि फुलांचा वास. सांगायला याहून बरी जागा आणि वेळ मिळणार नव्हती. मी तोंड उघडलंही. "काकू, सरांचे डोळे एकदा तपासून घ्या."

"गेल्या म्हयन्यात तपासले की. नंबर बी बदललेला न्हाय," काकू म्हणाल्या आणि त्यांनी तोंड फिरवलं. पुढे सरकत्या रांगेकडे बघत राहिल्या. मी आणखी एक वाक्य बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी त्यांना विचारलं की हळदीकुंकू घेतलं का.

पुढचे दिवस मी रोज दुपारी गेले. सर रोज चित्राला हात लावायचे, आणि तो हात रोज डावीकडेच पडायचा, कारण ती बाजू त्यांना कधी भरलेलीच वाटेना. एकदा त्यांनी तिथं फेसाचा लोट उठवला, आणि तो अर्ध्यावर कापल्यासारखा संपला. एकदा लाटेची रेघ ओढत नेली आणि मधेच सोडली. मी मागून जायची. त्यांच्या तुटलेल्या कडा पातळ रंगानं पाण्यात मुरवायची, काळसर हिरवा चढवायची, मधल्या डॉल्फिनची सावली जरा ओढून डावीकडे न्यायची. त्यांचा एक फटकारा मी पुसला नाही. रीत पाळली. चित्र सुधारत होतं आणि ते सुधारताना बघून मला जो आनंद व्हायचा तो खोटा नव्हता.

त्याच वेळी जीव टांगणीला लागलेला असायचा. खाली स्कूटर सुरू झाली की माझ्या हातातला ब्रश थांबायचा. ती परत आल्याचा आवाज येईपर्यंत मी नुसती फेसाकडे बघत बसायची. आवाज आला की पुन्हा रंग कालवायची. सोमवारी काकू चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या डाव्या घोट्याला फडकं बांधलेलं होतं.

"काय झालं काकू?"

"पायरीला लागलं."

जिन्याच्या पायऱ्या त्या चाळीस वर्षं चढत-उतरत होत्या. मी फडक्याकडे बघितलं, मग चित्राकडे बघितलं. चार दिवस राहिले होते. पावसाळी हवेत रंग वाळत नव्हता, डावी बाजू अजून बोटाला लागत होती, आणि मी काकूंच्या घोट्यापेक्षा त्या ओल्या रंगाची काळजी जास्त करत होते.

शुक्रवारी पाच वाजता प्रदर्शन उघडलं. माझं चित्र दारासमोर लागलं होतं. सर आणि काकू आंबाबाईला जाऊन साडेपाचपर्यंत तिथं पोचणार होते. मी सकाळपासून हॉलवर होते, खिळे, दोऱ्या, पाट्या. या शुक्रवारी रिक्षाचं मला आठवलं नाही, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. आठवलं होतं. दुपारी तीनला आठवलं होतं आणि मी म्हटलं, एवढ्यानं काय होतंय.

लोक आत आले की समोरच थांबायचे. आमच्यातलाच एक, शिरोली एमआयडीसीत फौंड्री असलेला, रविवारी शिकायला येणारा, मोठ्यानं म्हणाला, "बाई, बाकीचं ऱ्हाऊ दे, पण ह्यो डावीकडचा अर्धा डॉल्फिन! तोंड न दाखवता सगळं दाखवलंय की हो. कुठनं सुचलं?"

"सुचलं," मी म्हणाले.

आणखी तिघाचौघांनी त्याच जागेकडे बोट केलं. एका बाईंनी तिथं बोट लावलं आणि बोटाला निळा लागला. मी हसत होते. अंग हलकं झालं होतं. आणि मग, साडेपाचला पाच-सात मिनिटं असतील, माझ्या मनात अगदी स्वच्छ आलं की आता चित्र लागलं, आता सांगायला हरकत नाही. मी व्हरांड्यात गेले आणि काकूंना फोन लावला. काय बोलायचं ते ठरलं होतं. काकू, सरांच्या मागे बसू नका, आहात तिथंच थांबा, मी रिक्षा घेऊन येते. रिंग पूर्ण वाजली. उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा पूर्ण वाजली. तिसऱ्यांदा एका पुरुषानं उचलला.

"ताई, ह्यो फोन रस्त्यात पडलाय. तुमी ह्यांच्या घरच्या काय? लवकर या."

देवळाहून येणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक मालाचा टेम्पो उभा होता, त्याचा मागचा फाळका बाहेर आलेला. सरांनी स्कूटर त्याच्या अगदी जवळून नेली. सर सुटले. काकूंचे पाय सुटले नाहीत. डावा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला आणि खाली पडल्यावर खुबाही गेला. मी दवाखान्यात पोचले तेव्हा सर बाकावर बसले होते, अंगावर ओरखडाही नाही, नखांत आठवड्याचा निळा रंग. "मला दिसलाच न्हाय गं टेम्पो," ते म्हणत होते. "एवढा मोठा टेम्पो. मला दिसलाच न्हाय."

तिथल्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, आरसा, चिंधी, सगळं. नऊ दिवस न निघालेली वाक्यं दोन मिनिटांत निघाली. त्यांनी सरांच्या डोक्याचा फोटो काढला. डोळे ठणठणीत होते. दीड-दोन महिन्यांपूर्वी कधीतरी, बहुधा झोपेत, मेंदूला एक छोटा झटका येऊन गेला होता आणि दोन्ही डोळ्यांची डावी बाजू घेऊन गेला होता. ती परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. सर ऐकत होते. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "मग चित्रात डावीकडं मोकळं न्हवतंच व्हय?"

"नव्हतं सर."

"आणि तुला दिसत हुतं?"

मी मान डोलावली. तेव्हापासून आजवर त्यांनी माझ्याशी चित्राविषयी एक शब्द काढलेला नाही.

काकूंच्या पायात सळ्या घातल्या. त्या घरी आल्यावर मी रोज जाऊ लागले, आता गच्चीवर नाही, खालच्या खोलीत. त्यांची मुलगी साताऱ्याहून येऊन राहिली होती. एका दुपारी ती औषधं आणायला गेली आणि आम्ही दोघीच होतो. मी ठरवून गेले होते. आज कबूल करायचं, मला ठाऊक होतं हे सांगायचं, मग काकूंनी हाकलून दिलं तरी चालेल. पण आधी काकूच बोलल्या.

"मला म्हाईत हुतं गं," त्या म्हणाल्या.

"काय काकू?"

"ह्यास्नी त्या अंगाचं दिसत न्हाय ते. दीड म्हयना झाला, म्हाईत हुतं. रोज ताटात निम्मं टाकायलेत, मला कळत न्हाय व्हय? पण सांगिटलं तर ब्रश सोडतील, आणि ब्रश सोडला की माणूस चार म्हयने बी न्हाय टिकायचा. म्हणून मी मागनं सांगत बसायचो. टेम्पो हाय, उजवीकडं घ्या. म्हस हाय, थांबा. असं करत न्हेलं की दीड म्हयना. एक दिवस घोट्याला घासलं, तेवढंच."

मी विचारलं, "मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी पिशवीत फोन वाजला. काढून बघितलं तर तुझं नाव. म्हटलं प्रदर्शनाचं काय तरी असंल, उचलावा. वर बघतोय तवर टेम्पो आलाच." त्या माझ्यावर रागावलेल्या नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "कशाला केलतास गं फोन?"

खोलीत पंखा फिरत होता. बाहेर एक भंगारवाला ओरडत गेला. ठरवून आलेलं सगळं माझ्या जिभेवर होतं.

"सहज केलता, काकू," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि पाय जरा उशीवर घ्यायला सांगितला. मी दोन्ही हातांनी त्यांचा पाय उचलला आणि उशीवर ठेवला.